पार्लरच्या दारावर पाटी लावण्याआधी

पत्र थोडक्यात: नाशिकच्या सिडको भागात एक ताई घराच्या पुढच्या खोलीत लेडीज पार्लर चालवतात. हाताखाली एक मुलगी आहे. श्रावणात त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हेअरकट, थ्रेडिंग आणि हातापायांचं वॅक्सिंग करून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या बाईंच्या मानेवर, मागच्या बाजूला, गोल लाल चट्टा दिसला. ताईंनी काळजीपोटी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत चट्टा फिका पडला आणि मग मान, छाती, कंबर असा सगळीकडे पसरला. सोसायटीच्या महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसकट मेसेज फिरला, "पार्लरमध्ये जाऊन नायटा घेऊन आले, सांभाळा." ऐन गणपतीच्या तोंडावर अपॉइंटमेंट रद्द होऊ लागल्या. ग्रुपवरच कुणीतरी बोट दाखवलं ते ताईंकडे नेहमी येणाऱ्या एका शिक्षिकेकडे. या बाईंना कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिस आहे. जाऊबाई म्हणतात, दारावर पाटीच लाव, 'त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही'. यजमान म्हणतात, गप्प राहा, लोक विसरतात. ताई विचारतात, "मी दिवसातून दोनदा डेटॉलने लादी पुसते. माझ्याकडे घाण औषधाला सापडणार नाही. तरी हे माझ्यामुळेच झालं का? आणि शिक्षिकाबाईंना येऊ नका, हे कसं सांगू? मध्यंतरी एका शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या तर तिला मी तिथल्या तिथे परत पाठवलं होतं. मग यांना का नको?" शेवटी ता. क. म्हणून एक ओळ आहे. हाताखालच्या मुलीचा अंगठा नखाच्या कडेला महिनाभर सुजलेला आहे, त्यावर काय लावावं?

ताई,

खरं तर त्या ता. क.पासूनच सुरुवात करायला हवी. पण तुमची झोप उडवली आहे ती नायट्याने, तेव्हा आधी तो.

नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, ही बुरशी आहे. रक्तातली गरमी नाही की अंगातलं पित्त नाही. आपली कातडी, केस आणि नखं यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं आणि ट्रायकोफायटॉन जातीच्या बुरशा त्याच्यावर जगतात. तीच मंडळी मानेवर बसली की नायटा, पायाच्या बोटांच्या बेचक्यात शिरली की चिखल्या, नखात घुसली की नख पिवळं, जाड, भुसभुशीत. बुरशी अंगावर येऊन पडल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात. चट्टा आधी बारीक असतो, मग कडेकडेने बाहेर सरकत जातो, मधला भाग जरा निवळतो आणि तेव्हा कुठे ते गोल कडं दिसतं. तिसऱ्याच दिवशी जर चांगलं उठलेलं कडं दिसलं असेल, तर त्या बुरशीने त्या बाईंच्या मानेवर घर तुमच्याकडे येण्याआधीच केलेलं असणार.

हुश्श केलंत ना? थांबा जरा.

एक तर मी तो चट्टा पाहिलेला नाही, आणि ग्रुपवरच्या फोटोवरून निदान करणाऱ्यांत मला भर घालायची नाही. दुसरं म्हणजे, त्या बाई मानेवर बुरशी घेऊन तुमच्या खुर्चीत बसल्या असतील, तर हेअरकटच्या वेळी तुम्ही त्यांच्या गळ्याभोवती नायलॉनचा एप्रन बांधलात, त्याची कड नेमकी तिथे घासली. त्यानंतर तोच एप्रन झटकून कुणाच्या गळ्यात बांधलात? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात लादीचा उल्लेख आहे, काचेचा आहे, बेसिनचा आहे. एप्रनचा नाही. 'माझ्यामुळे झालं का' हा प्रश्न तुम्हाला पोखरतोय, ते समजतं. पण त्याचं उत्तर हो आलं काय आणि नाही आलं काय, उद्या सकाळी खुर्चीत बसणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. तिच्या दृष्टीने विचारायचं ते इतकंच, की तुमच्याकडे एकीच्या अंगावरचं दुसरीच्या अंगावर काय काय जातं.

त्याआधी ट्यूबचं बोलते, कारण तिथे मात्र तुमचं चुकलं. मेडिकलमध्ये 'नायट्यावर काहीतरी द्या' म्हटलं की जी ट्यूब हातात पडते, तिच्यात बहुतेक वेळा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि एक जोरकस स्टेरॉइड असं कडबोळं असतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, माणूस खूश होतो. पण लाली आणि खाज हा शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा असतो. तो थांबवला की बुरशीला रान मोकळं. आठ दिवसांत फिका पडला आणि मग अंगभर पसरला, हे तुम्ही जे लिहिलंत ते अगदी याच चालीचं आहे. शिवाय असा चट्टा नंतर डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही, कारण त्याची गोल कड पुसली गेलेली असते. अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. या मलमांच्या अशा वापरामुळे आपल्याकडचा नायटा गेल्या काही वर्षांत भलताच हट्टी झाला आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाच्या बुरशीवर नेहमीची टर्बिनाफिनची गोळीही पुष्कळदा चालत नाही, आणि पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटोपणारा उपचार महिनोन्महिने चालवावा लागतो. त्यामुळे पार्लरमधून मलम द्यायचं नाही. घरच्या माणसाला दिल्यासारखं, माया म्हणूनही नाही. 'गोरेपणाचं फॉर्म्युला क्रीम' म्हणून सुट्या डबीत जे विकलं जातं ते तर नाहीच नाही.

आता तुमच्या खोलीत कोणती गोष्ट कुठून कुठे जाते ते बघू. थ्रेडिंगचंच घ्या. रिळाचा धागा ओढला, एक टोक दातात धरलं, बोटांत पीळ घेतला आणि भुवईवर चालवला. तो धागा दर खेपेला तुमच्या ओठांतून पुढे-मागे सरकतो, भुवईच्या कातडीला बारीक ओरखडे पाडतो, केसांच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढं रक्त आणतो आणि पुन्हा तुमच्या तोंडाकडे येतो. म्हणजे तुमची थुंकी तिच्या भुवईवर आणि तिचं रक्त तुमच्या ओठांवर. धागा शिल्लक राहिला म्हणून कुणी तोच बोटाला गुंडाळून पुढच्या बाईला घेतला, की काम तमाम. थ्रेडिंगनंतर भुवईच्या रेषेत ओळीने चामखिळी उगवल्याच्या, मोलस्कमचे दाणे आल्याच्या केसेस आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेल्या आहेत. चामखीळ आणि मोलस्कम दोन्ही विषाणूंची. मोलस्कम म्हणजे मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळगी असलेले बारीक दाणे. पण हे दिसायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर बाई तुमच्याकडे आणखी दोनदा येऊन गेलेली असते आणि दोष देते ती नव्या फेसवॉशला. म्हणून मला नेहमी वाटतं, पार्लरच्या नावाने ज्याची ओरड होते ते बऱ्याचदा पार्लरचं नसतं, आणि जे खरोखर पार्लरचं असतं त्याची ओरड कुणी करतच नाही.

धागा दातात धरायची सवय सोडा. टोक गळ्यात अडकवून किंवा नुसत्या हातांवर थ्रेडिंग करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. सुरुवातीला हात अवघडतो, मग बसतो. तुकडा एकीला एकच, काम झालं की तिच्यासमोर डब्यात टाकायचा. रीळ झाकणाच्या डबीत ठेवायचं आणि मळक्या बोटांनी त्याला हात लावायचा नाही.

वॅक्सचं तसंच. पातेल्यात काडी बुडवली, हातावर ओढली, तीच पुन्हा पातेल्यात. 'वॅक्स गरम असतं ना, जंतू मरतात,' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. अंगाला सोसेल इतकंच गरम असतं ते, आणि तेवढ्या उष्णतेवर भरवसा ठेवता येत नाही. वॅक्सिंगनंतर दोन दिवसांनी हातावर बारीक पिवळ्या तोंडाच्या पुळ्या येतात, त्या पुष्कळदा स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंच्या असतात. हे जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर मुक्कामालाच असतात. केस उपटला की त्याच्या मुळाचं भोक थोडा वेळ उघडं राहतं आणि त्यांना आयती वाट मिळते. होलसेलमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी काड्यांचा गठ्ठा मिळतो. एकदा बुडवली, एकदा लावली, टाकली. ते जिवावर येत असेल तर एका बाईपुरतं वॅक्स छोट्या वाटीत काढून घ्या आणि उरलेलं परत ओतू नका. उरलेलं परत ओतायचा मोह काय असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून काड्याच बऱ्या.

आणि तुमचं डेटॉल. लादी पुसा, अवश्य पुसा, वासाने गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण लादीला कुणी मान टेकत नाही. मान, चेहरा आणि नखं ज्याला ज्याला लागतात ते एप्रन, टॉवेल, कंगवा, ब्रश, कात्री, चिमटा, नेलकटर आणि पावडरचा पफ, एवढंच तुमचं रणांगण. यातलं प्रत्येक आधी साबणाच्या पाण्याने घासायचं, कारण मळ आणि तेल तसंच राहिलं तर वरून ओतलेलं औषध खालपर्यंत पोचत नाही. मग जंतुनाशक. साधं घरगुती ब्लीच (चेहऱ्याला लावायचं नव्हे, सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) साधारण ५ टक्क्यांचं मिळतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग असं रोज ताजं करा आणि प्लॅस्टिकच्या वस्तू त्यात १० मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. बुडवून काढली म्हणजे झालं असं नाही, घड्याळ लावा. ब्लीचमध्ये धातू गंजतो, तेव्हा कात्री-चिमट्यांना ७० टक्क्यांचं अल्कोहोल. ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. नंतर धुऊन, कोरडं करून, झाकणाच्या डब्यात. कोपऱ्यात जंतू मारायची म्हणून निळा दिवा लागणारी जी पेटी तुमच्याकडेही असेल, ती साफ केलेली वस्तू ठेवायला ठीक. तो उजेड जिथे पडतो तेवढ्यापुरताच काम करतो, कंगव्याच्या दातांच्या फटीत आणि मिटलेल्या कात्रीच्या पात्यांत तो शिरत नाही.

टॉवेलचा प्रश्न पावसाळ्यात खरा अवघड. श्रावणातली आपली ती रिपरिप, गॅलरीत दोरीवर टॉवेल दोन-दोन दिवस दमट, आणि मग तोच आंबूस वासाचा टॉवेल चेहऱ्याला. बुरशीला आणखी काय हवं? गरम पाण्यात धुवा, वाळत नसेल तर गरम इस्त्री फिरवा. ज्या चार महिन्यांत हेही होत नाही त्या काळात मानेला आणि चेहऱ्याला कागदी पट्ट्या, डिस्पोजेबल टॉवेल वापरा. एप्रनच्या आत मानेला कागदाची पट्टी गुंडाळली की एप्रनची कड कातडीला लागतच नाही. पुरुषांच्या सलूनमध्ये ही पट्टी आता सर्रास दिसते, लेडीज पार्लरमध्ये का नसावी?

ज्याने रक्त निघू शकतं ते सगळं वेगळ्या खात्यात टाका. ब्लेड, ब्लॅकहेड काढायची सुई, सुयांचा रोलर. हिपॅटायटिस बी-चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो, आणि डाग डोळ्याला दिसेल इतकं रक्त असावं लागतं असंही नाही. ब्लेड दर माणसाला नवं. बाकी वस्तूंना ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची १२१ अंशांची वाफ १५ मिनिटं. तो घरगुती पार्लरला परवडत नाही, तेव्हा एकदा वापरून टाकायच्या घ्या. सुयांचा रोलर आणि चेहऱ्यात स्वतःचंच रक्त टोचण्याचे ते फेशियल तर तुमच्या खोलीत नकोतच. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका स्पामध्ये अशा फेशियलमधून बायकांना एचआयव्हीची लागण झाली होती. शेजारचं पार्लर करतं म्हणून आपणही, या ईर्ष्येत पडू नका.

शिक्षिकाबाईंकडे येते. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्यात शरीराची प्रतिकारव्यवस्था बिथरते, कातडीच्या पेशी फार वेगाने तयार होतात आणि चंदेरी पापुद्रे धरतात. त्यांच्या कोपराला कोपर लावून कुणी दिवसभर बसलं तरी काही होणार नाही. तीच गोष्ट पांढऱ्या कोडाची, एक्झिमाची, मुरमांची. चाई पडते म्हणजे केसांचा एक गोल पुंजका जातो, ती 'किड्याने खाल्ली' असं आपल्याकडे अजून म्हणतात, पण तीही प्रतिकारव्यवस्थेचीच खोड. साधा कोंडाही लागत नाही. त्याच्याशी संबंध असलेलं मॅलासेझिया नावाचं यीस्ट तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या डोक्यात आधीपासूनच असतं. दिसायला भयंकर ते लागणारं आणि दिसायला साधं ते निर्धोक, असा हिशोब कातडीच्या बाबतीत चालत नाही. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस भराभर गळू लागले, तेव्हा पहिला संशय बुरशीवर आणि पाण्यावर गेला, भीती पसरली. तपास पुढे सरकला तसं बोट गेलं ते शरीरात वाढलेल्या सेलेनियमकडे, म्हणजे कुणाला कुणाकडून न लागणाऱ्या गोष्टीकडे.

उलट तुमच्या पार्लरचा धोका असलाच तर शिक्षिकाबाईंना आहे. सोरायसिसमध्ये जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. त्यामुळे त्यांच्या चट्ट्यांवर वॅक्स नको, डोक्यातले पापुद्रे कंगव्याने खरवडणं नको, ब्लो-ड्राय करताना फार गरम हवा नको. हेअर कलर लावायचा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारू द्या. एवढं सांभाळून त्यांचं काम नेहमीसारखं करा. ग्रुपवर त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, याबद्दल तुम्ही त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द बोललात तर मला आवडेल. त्या स्वतः काही म्हणणार नाहीत. सोरायसिसचे माझे पेशंट असे प्रसंग गिळून टाकण्यात तरबेज असतात.

उवांच्या मुलीचं जरा वेगळं. उवा खरंच लागतात, आणि त्या दिवशी तिचे केस न कापण्याचा निर्णय बरोबरच होता. बोच लागते ती 'तिथल्या तिथे' या शब्दांत. ऊ उडी मारत नाही, तिला पंख नाहीत, ती एका केसावरून दुसऱ्यावर चालत जाते. म्हणून ती पसरते मुख्यतः डोक्याला डोकं लागून, शाळेत, खेळताना, एका उशीवर झोपताना. कंगव्यातून जाऊ शकते, पण ते कमी. डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. स्वच्छ धुतलेल्या केसांचंही तिला वावडं नाही, तेव्हा 'घाणेरडं घर' वगैरे मनातून काढून टाका. पुढच्या वेळी आईला बाजूला घ्या, हळू आवाजात सांगा, उपचार कुठे मिळेल ते सांगा. लिखा फुटायला आठवडाभर ते दहा दिवस लागतात म्हणून औषध पुष्कळदा दुसऱ्यांदा लावावं लागतं, हेही सांगा, आणि दोन आठवड्यांनी यायला सांगा. कंगवे-ब्रश चांगल्या कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवा. सगळ्यांसमोर परत पाठवलेलं पोर आयुष्यभर विसरत नाही, आणि तिची आई तुमच्याकडे परत येत नाही.

तर मग पाटी. जाऊबाईंचा हेतू वाईट नाही. पण पाटीने आजार बाहेर राहत नाही, बाहेर राहते ती माहिती. उद्या लग्नाचा मेकअप ठरलेली नवरी ओठावर तापाचे फोड उठले तर काय करेल? फाउंडेशनखाली दडवेल. ते हर्पीजचं असतं, चांगलंच लागणारं, आणि तिच्या ओठावरून फिरवलेली लिपस्टिक तुम्ही करवलीला लावाल. खरजेचं तर याहून कठीण. खरजेचा किडा अंगात शिरल्यावर पहिल्या खेपेला खाज सुटायलाच ४ ते ६ आठवडे लागू शकतात. ज्या बाईला स्वतःलाच पत्ता नाही तिला तुमची पाटी कशी अडवणार? रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ आणि घरात आणखी कुणाला तसंच, एवढं कानावर आलं तर डॉक्टरांकडे पाठवा. खरजेचा उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा असतो.

मला विचाराल तर पाटी लावा, पण वेगळी. "अंगावर पुरळ, जखम, खाज किंवा नखाचा त्रास असल्यास आधी सांगा. त्या भागाचं काम पुढे ढकलू. अ‍ॅडव्हान्सचे पैसे कापले जाणार नाहीत." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. माणसं लपवतात ती बहुतेक वेळा लाजेने आणि पैसे बुडतील म्हणून. आणि निदान तुम्ही करू नका. सोरायसिसने खड्डे पडलेलं नख आणि बुरशीचं नख यांत आम्हीही कधीकधी चकतो, नखाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तुम्ही फक्त ओलं, चिघळलेलं, पू असलेलं, मधासारख्या पिवळ्या खपल्यांचं किंवा हल्ली पसरत चाललेलं काही दिसलं, तर त्या भागाला हात लावू नका. एक मात्र मनात ठेवा. फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही असं कुणी बोलता बोलता म्हणालं, तर तिला सरकारी दवाखान्यात जायला सांगाच. तो कुष्ठरोग असू शकतो, औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरा होतो.

ग्रुपचं काय? यजमान म्हणतात तसं गप्प राहणं मला पटत नाही, आणि चार ते चौदा दिवसांचा माझा हिशोब तिथे चिकटवणं तर त्याहून नाही. बाईंना खोटं पाडून तुम्ही जिंकाल आणि गिऱ्हाईक घालवाल. आधी त्यांच्या घरी जा. ट्यूब बंद करायला सांगा, ती देणं चुकलं म्हणा, त्वचेच्या डॉक्टरांकडे नेण्याची तयारी दाखवा. घरात आणखी कुणाला चट्टे आहेत का हे त्या स्वतःच पाहतील. अनेक घरांत एकच पंचा चौघांत फिरतो. मग ग्रुपवर एकच मेसेज टाका, साधारण असा: "झाल्या प्रकाराचं मला वाईट वाटतं. कुठून लागलं हे डॉक्टरच सांगू शकतील. माझ्याकडे आजपासून धागा, वॅक्सची काडी आणि मानेची पट्टी प्रत्येकीला नवी असेल, तुमच्यासमोर उघडली जाईल. शंका आली तर मला थेट विचारा." त्याखाली जे काही वाद रंगतील त्यात पडू नका.

इतर वाचकांनीही हे विचारायला लाजू नये. काडी पुन्हा पातेल्यात जाताना दिसली तर हात मागे घ्या. सिंहस्थात रामकुंडावर मुंडन करून घेणाऱ्यांनी ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून निघतंय ना, एवढं पाहावं. स्वतःचा किट घेऊन जाणाऱ्यांचं मला कौतुक आहे, फक्त तो किटही अधूनमधून धुवावा लागतो.

पेडिक्युअरबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्याकडे टब असणारच. बुडबुड्यांचा, आत मोटर असलेला असेल तर ऐका. २००० साली कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल इथल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त बायकांच्या पायांवर गळवं उठली, महिनोन्महिने न भरणारी. कारण निघालं मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा पाण्यातला जंतू. टबमध्ये पाणी खेचणाऱ्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यामागे केस आणि कातडीचा चोथा साचलेला होता, त्यात तो वाढला. ज्यांनी आदल्या दिवसांत पायांवर रेझर फिरवला होता त्यांना त्रास जास्त झाला. जाळी काढून तिच्यामागे एकदा बघा, मी आणखी काही सांगायची गरज उरणार नाही. माझं मत विचाराल तर मोटर नसलेला साधा गुळगुळीत टबच उत्तम, दर बाईनंतर घासायला सोपा. पाय वॅक्स करून लगेच पेडिक्युअर नको, मध्ये एक दिवस जाऊ द्या. टाच घासायचा सच्छिद्र दगड एकीचा दुसरीला नको, तो आतून निर्जंतुक होत नाही. आपली धातूची वज्री चालेल, ती घासून अल्कोहोलमध्ये ठेवता येते. आणि नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नका. नीटनेटकं दिसावं म्हणून आपण कापतो ती म्हणजे नखाच्या मुळाचं झाकण असतं.

तुमच्या हाताखालच्या मुलीचं तेच झालं आहे. दिवसभर टॉवेल धुणं, पेडिक्युअरचं पाणी, ब्लीच. हात सतत ओला राहिला की ते झाकण सुटतं, आत पाणी शिरतं, मग कॅन्डिडा नावाचं यीस्ट आणि जंतू. नखुरडं एरवी आठवड्यात पिकून फुटतं. महिनाभर रेंगाळलेली सूज वेगळी, ती हात कोरडा झाल्याशिवाय जात नाही. त्यावर तुम्ही काही लावू नका. तिला त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभागात दाखवून या. ओल्या कामाला आतून सुती आणि वरून रबरी असे हातमोजे द्या, आणि पू दिसत असेल तर बरं होईपर्यंत तिने कुणाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. सुट्टी द्यावी लागली तर त्या दिवसांचा पगार कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती अंगठा पदराआड लपवेल आणि तुम्हाला कळणारच नाही. तिथेच असताना हिपॅटायटिस बी-च्या लशीचंही विचारून घ्या. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तिलाही आणि तुम्हालाही.